मी आनंदीचा बत्ता

“पोरगी वाड्याची हाय, आनंदे. तुझ्या पोटी आली म्हणून तुझी होत न्हाय.”

“मग कुणाच्या पोटी यायला हवी होती? तुमच्या?”

“तोंड सांभाळ. बाईंनी पाणी तुझ्या हातावर सोडलं हुतं. पोटावर न्हाय.”

हा बोलतोय तो गेनबा, सरदाराच्या वाड्यावरचा माणूस. सकाळीच दारात येऊन उभा राहिलाय. मागं तलवार लटकवलेला एक शिपाई. आनंदीच्या पोरीला, शालूला, न्यायला आलेत.

आणि मी बत्ता. खलबत्त्यातला. लोखंडी, जुना, टोकाचा टवका उडालेला. खलात वेलदोड्यांवर पडून हे सगळं ऐकतोय आणि माझं डोकं फिरलंय. पण मित्रांनो, कुणी उचलल्याशिवाय मला काही करता येत नाही. म्हणून तोवर सांगतो.

माझा जन्म कसबा पेठेत, लोहाराच्या भट्टीत. जन्म म्हणजे नुसता मार. आधी मी एका फुटक्या बंदुकीची नळी होतो. ती लाल होईस्तोवर तापवली आणि दोघांनी घणानं बडवली. त्यातून मी झालो. मार खाऊनच झालो, त्यामुळे मला ठोकण्याशिवाय दुसरं काही आलं नाही.

पुढे मी सरदाराच्या मुदपाकखान्यात गेलो. जायफळ फोडलं, सुंठ फोडली. पंगतीत लोक म्हणायचे, मसाला काय झकास कुटलाय. ते कौतुक आचाऱ्याला मिळायचं. कुटायची मात्र आनंदी.

आनंदी हबशीण. लहान असताना तिला समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणली, बंदरावर विकली आणि वाड्यात कुणबीण म्हणून ठेवली. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. आनंदी हे नावही वाड्यानंच ठेवलेलं. आईनं ठेवलेलं नाव ती पीठ मळताना पुटपुटते. मला ते अजून नीट ऐकू आलेलं नाही.

एकदा दूध उतू गेलं. मालकीण मथुराबाई चिडल्या आणि हाताला लागलं ते फेकलं. हाताला मी लागलो होतो. आनंदीचं कपाळ फोडून मी फरशीवर आपटलो. तिच्या कपाळात हळद भरली. माझं टोक उडालं होतं, म्हणून मला उकिरड्यावर टाकलं. तिचं रक्त अंगावर तसंच वाळलं, वरून पाऊस पडला, गंज चढला. गंज चढणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळणार. जिवंतपणी कुणीतरी चावून चावून खातंय असं वाटतं. तिथून मला उचललं तेही आनंदीनंच. विटकरीनं घासघासून साफ केलं आणि लपवून ठेवलं.

मग वाड्यातल्या संपतशी तिचं लग्न लागलं. संपत मोतद्दार, घोडी सांभाळतो. पुढे मथुराबाई आजारी पडल्या. मरताना पुण्य लागावं म्हणून, दान देताना सोडतात तसं त्यांनी आनंदीच्या हातावर पाणी सोडलं आणि म्हणाल्या, ही मोकळी. शालू तेव्हा पोटात होती. सगळे हातावरच्या पाण्याकडं बघत राहिले. पोटातल्या जिवाचं नाव घ्यायला कुणाला सुचलंच नाही.

तेव्हापासून आम्ही मंगळवार पेठेत राहतो. इथं आनंदी मंदाझी करते. तिच्या स्वाहिली बोलीतला तो शब्द. रात्री नारळ खवायचा, पिळून दूध काढायचं, त्यात गूळ विरघळवायचा आणि गव्हाचं बारीक पीठ मळायचं. फुगायला त्यात घोटभर आंबलेली शिंदी. शेजाऱ्यांना शिंदी कळली तर बोंब होईल, म्हणून ते मडकं चुलीमागं असतं. सकाळी मी वेलदोडे चिरडतो. टवका उडालाय तिथं दाणे अडकतात, एकही निसटत नाही. मग तिकोनी तुकडे कापून तेलात सोडायचे. टम्म फुगून आतून पोकळ झाले की जमले.

शेजारच्या तुळजाबाई म्हणतात, “आमच्या घारग्यांसारखंच आहे. फक्त घारग्यात निदान भोपळा तरी असतो.” असं म्हणतात आणि पदराखाली चार झाकून नेतात.

थांबा. गेनबा आत आला.

शालू कढईपाशी तळत बसलीय. त्यानं तिचं मनगट धरलं. “ऊठ गं. आता वाड्यावर तळ.”

“सोड तिला,” आनंदी म्हणाली. हळू म्हणाली. तिचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

“न्हाय सोडत. काय करशील?”

तिनं मला उचललं.

मित्रांनो, वेलदोडा काय आणि मनगट काय, वरून टणक, आत सगळा भुगा. पहिल्याच घावात हाड करकरलं. गेनबा गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा जबड्यावर. दात माझ्या टवक्यात अडकला. मला थांबायचं नव्हतं, आणि तिलाही नव्हतं.

शिपायानं तलवार उपसली. आमचं छप्पर ठेंगणं. उगारलेली तलवार वाशात रुतली. तो ती ओढतोय तोवर शालूनं फडक्यानं कढईचे कान धरले आणि उकळतं तेल मंदाझ्यांसकट त्याच्या पायांवर ओतलं. तो ओरडला ते माणसासारखं नव्हतंच. वेलदोड्याच्या वासात कातड्याचा वास मिसळला.

तुळजाबाई धावत दारात आल्या. खाली कण्हणाऱ्या दोघांकडं बघितलं, मग आनंदीकडं.

“आमचं परसदार उघडं आहे,” त्या म्हणाल्या. “का इथंच थांबून ओवाळून घ्यायचंय?”

संपत घोडी घेऊन मांजरी गावच्या कुरणावर गेलाय. त्याला तिथं गाठायचं आणि शालूवर कुणी हक्क सांगणार नाही इतकं लांब जायचं. आनंदीनं पोरीचा हात घट्ट धरलाय.

मित्रांनो, आम्हाला वापरून झालं की पुसत जा, कोरडं ठेवत जा. लोखंड दणकट दिसतं, पण ओल त्याला सोसत नाही. माझ्या अंगावर आत्ता रक्त आहे आणि पुसायला कुणाला वेळ नाही. शालूनं मला तसाच ओच्यात खोचलाय. गल्लीच्या तोंडाशी टापा वाजतायत. मला निघायला हवं.