आठवीपर्यंतची गाडी

निकाल लागायच्या आधी बेबीनंदा शाळेत गेली, ती मुख्याध्यापक भागवत सरांना एवढंच सांगायला, की माझ्या अक्षताला यंदा आठवीत नापास करा.

सरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. अक्षता वर्गात पहिली-दुसरी येणारी पोरगी.

"बसा ताई. काय म्हणालात?"

"नापास करा म्हणले सर. एकच साल."

ती बसली. उन्हातून चालत आल्यानं पोटऱ्या ठणकत होत्या. काय बोलायचं ते वाटभर घोळवून आणलं होतं, तरी सांगताना पुढचं मागं झालंच.

तिचा नवरा रामकिसन घनसावंगीकडच्या एका बागायतदाराकडे सालगडी होता. राहणं शेतातच, उसाच्या मधोमध दोन खोल्यांत. गाव लांब, वाटेत ओढा, आजूबाजूला दुसरं घर नाही. अशा आडरानातल्या पोरांना शाळेत येण्या-जाण्यासाठी सरकारचा वाहतूक भत्ता मिळायचा. अक्षता आणि धाकटा प्रेम, दोघांचा भत्ता मिळून इब्राहीमभाईची ॲपे रिक्षा बांधापर्यंत यायची. पैसे कधी वेळेवर यायचे नाहीत, पण इब्राहीमभाई तगादा लावणारा माणूस नव्हता.

पण भत्ता आठवीपर्यंतच. अक्षता नववीत गेली की तिचा बंद. नववी गावात नव्हतीच, त्यासाठी घनसावंगीला जायचं. मुलींना एसटीचा पास फुकट होता खरा, पण एसटी यायची फाट्यावर, आणि फाटा गावाच्याही पलीकडे. राहिला प्रेम. त्याच्या एकट्याच्या भत्त्यावर रिक्षा येणार नव्हती. इब्राहीमभाईनं नजर खाली घालून सांगितलं होतं, "भाभी, एका पोराच्या पैशात डिझेल बी निघत न्हाई. मी तरी काय करू?"

"पाडव्याला मालकाकडं साल ठरून गेलं सर, आता मधीच सोडता येत न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "पुढच्या पाडव्याला आमी गावातच राह्यला येणार हाये. तवर पोरगी आठवीत राह्यली तर दोघं बी गाडीनं येतील-जातील. प्रेम आता चौथीत जाईल. एवढ्याशा लेकराला उसातनं एकटं कसं धाडू? रानडुकरं हायेत."

सर म्हणाले, "भत्ता वाढवणं माझ्या हातात असतं तर आत्ता वाढवला असता ताई. पण पास झालेल्या पोरीला मी नापास करणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. भांडायला अंगात जीव नव्हता. सरांनी पाणी प्यायला थांबवलं, ते मात्र ती प्यायली.

निकालाच्या दिवशी अक्षता उड्या मारत घरी आली. वर्गात पहिली आली होती. रामकिसन वीज रात्रीचीच असल्यानं रात्रभर उसाला पाणी देऊन दमून पडला होता. डोळे न उघडताच तो म्हणाला, "म्हंजे सरानं तुझ्या मायचं ऐकलं न्हाई म्हणायचं."

"काय ऐकलं न्हाई?"

चुलीपुढं बसलेल्या बेबीनंदाचे हात थांबले. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण सुचलं नाही. तिनं सांगून टाकलं.

अक्षता उभीच राहिली. "मला इचारायचं तरी मंग."

"इचारलं असतं तर तू हो म्हणली असतीस. पेपर कोरे ठेवले असतेस. ते मला बघवलं नसतं."

"आन् सरांनी नापास केलं असतं ते बघवलं असतं? मला वाटलं असतं मीच ढ हाये. वर्षभर तेच वाटत राह्यलं असतं, माय."

हे बेबीनंदाच्या डोक्यात आलंच नव्हतं. गाडीचा विचार केला होता, ओढ्याचा, डुकरांचा, पाडव्याचा. पोरगी गाडीत बसून रोज काय समजत जाईल, याचा केला नव्हता. ती भाकरी थापू लागली. अक्षता त्या दिवशी जेवली नाही.

जूनपासून तिघं पायी निघू लागली. अक्षताची एसटी लवकरची, म्हणून उजाडायच्या आत घर सोडावं लागे. गावात पोचले की शाळेला कुलूप असायचं. प्रेमला पायरीवर बसवून अक्षता फाट्याकडं जायची आणि बेबीनंदा उलट्या पावली रानात यायची. खुरपणीला उशीर झाला म्हणून मुकादम अर्धीच हजेरी लावायचा. संध्याकाळी पुन्हा तीच वाट. आठवड्याभरात टाचांना भेगा पडल्या. पुढं भेगांचंही काही वाटेनासं झालं.

अक्षता पुढं चालायची. कामापुरतं बोलायची. "ओढ्याला पाणी हाये." "प्रेमचा डबा राह्यला." बस्स.

श्रावण सरता सरता एका पहाटे ओढा फुगला. पलीकडे जाता येईना आणि मागं फिरायचं कुणाच्या मनात येईना. तिघं काठावर उकिडवी बसली. प्रेम मायच्या मांडीवर झोपून गेला. उजाडलं. एसटी निघून गेली असणार.

"आज माझा गणिताचा पेपर हाये," अक्षता म्हणाली.

"तिथल्या सरांना सांग, ओढा आल्ता म्हणून."

"ते म्हणतात, रोजच काहीतरी येतं तुमच्याकडं."

बेबीनंदा पाण्याकडं बघत म्हणाली, "माझं चुकलंच गं. पण मी दमून गेल्ते. दमलेल्या माणसाला एकच दार दिसतं, तिकडंच जातं ते."

पाणी उतरू लागलं, तेव्हा अक्षतानं प्रेमला उठवून पाठीवर घेतलं आणि म्हणाली, "उद्यापासनं प्रेमला मी घेऊन जाते. तू ओढ्यापातूर ये आन् मागं फीर. तेवढीच हजेरी पुरी भरंल."

"तुझी बॅग, हे पोरगं, एवढं वझं..."

"मी जाते म्हणले ना."

पाडव्याला रामकिसननं साल सोडलं. गावात पत्र्याची एक खोली मिळाली, शाळेच्या मागंच. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर प्रेमचाही भत्ता बंद झाला, कारण आता शाळा जवळ होती. भागवत सरांनी ते सांगितलं तेव्हा बेबीनंदा नुसतं "हो का" म्हणाली. अक्षता दहावीत गेली होती. फाट्यावर ती आता एकटीच जायची. रामकिसन मिळेल त्या कामाला जायचा, कधी मिळायचं, कधी नाही.

जूनमधल्या एका सकाळी दोन्ही पोरं गेल्यावर बेबीनंदा दारात टेकली. खुरपणीची हाक यायला अजून वेळ होता. कुठं पोचवायला जायचं नव्हतं, कुणाला आणायला जायचं नव्हतं. थोडा वेळ बसावं म्हणून बसली, आणि बसल्या जागीच तिला झोप लागली.