पांढरा ठेवलेला चौकोन

तोंड दाबून बुक्क्यांचा मार पुष्कळ खाल्ला, आता मी बोलणार. मी एक कागद आहे. मनोविकारांच्या डॉक्टरबाईंनी एका मुलीच्या फाइलसाठी माझ्यावर तिचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला आजार, तो काळा भरायचा. सोपं काम आहे, फक्त समोरच्याने खरं बोलायला हवं.

मुलगी एकवीस वर्षांची. कधी आठ-आठ दिवस न झोपता गात, भांडत फिरायची आणि मग महिनाभर अंथरुणातून उठायची नाही. तिचा गोल काळा करून डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

तिच्या बापाचं औषधाचं दुकान. हा गृहस्थ पापणी न हलवता म्हणाला, "आमच्याकडे सगळे ठणठणीत. हिच्या माहेरचं विचारा."

आई हळूच म्हणाली, "माझी मावशी फार उदास असायची."

झालं. मावशीचा गोल काळा. बापाचा सख्खा भाऊ, म्हणजे मुलीचा काका, त्याचा चौकोन पांढराच राहिला.

फाइल घरच्यांकडेच असायची. घरी जाऊन बापाने तिच्यातून मला काढून जेवणाच्या टेबलावर आपटलं. "बघ, काळं कुणाच्या बाजूला आहे ते. तुमच्याच रक्तात खोट." बायको भाजी चिरत होती, ती चिरत राहिली. डॉक्टरबाईंनी त्याला समजावलं होतं, की या आजारात दोन्हीकडून आलेल्या कितीतरी बारीक गोष्टी एकत्र येतात, कुणा एकाला धरून झोडपता येत नाही, आणि नात्यात असला म्हणून आजार होतोच असंही नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि हा म्हणे औषधं विकतो.

पहिलं औषध लागू पडलं नाही. दुसऱ्याने पोरगी दिवसभर पेंगायची. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेला ती आईला म्हणाली, "मला आता नको झालंय सगळं. जगणंसुद्धा." अकरा महिने असे गेले.

मग एका मंगळवारी बापाला दुकान सोडता येईना, म्हणून मायलेकींबरोबर काका आला. चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, बारीक बघायची सवय. उघड्या फाइलीत त्याने माझ्यावर बोट ठेवलं.

"हा चौकोन कोण?"

"तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग पांढरा का?"

डॉक्टरबाईंनी आईकडे बघितलं, आईने त्याच्याकडे. शेवटी तोच म्हणाला, "अठरा वर्षं याच आजारावर लिथियम घेतोय मी. दादाच देतो दुकानातून, व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून. वहिनींनाही माहीत नाही. पण पोरीसाठी इथे तरी त्याने सांगितलं असेल, असं धरून चाललो होतो मी."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. घरात कधीही आवाज न चढवणारा माणूस तो एकटाच होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्ताच्या नात्यात एकाला लिथियमचा गुण आला असेल, तर दुसऱ्यालाही येण्याची शक्यता जास्त असते. खात्री नाही. पण हे कळलं असतं तर मी तेच आधी दिलं असतं."

काकाने त्यांचं पेन मागून घेतलं आणि आपला चौकोन स्वतःच्या हाताने काळा केला. मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

रक्त तपासून झाल्यावर लिथियमची चिठ्ठी मलाच टाचली. मायलेकी दुकानात गेल्या. चिठ्ठी वाचून बापाचा चेहरा उतरला. "बोलला का शहाणा? हिच्या थोरल्या बहिणीचं लग्न जमत आलंय, कळतंय का कुणाला?" असं पुटपुटत त्याने फळीवरून व्हिटॅमिनची रिकामी बाटली काढली.

"बाबा, त्यात नको," मुलगी म्हणाली. "पाकिटातच द्या. वर माझं नाव लिहा."

तीन गिऱ्हाइकं उभी होती. बाप जागचा हलेना.

"लिहा," आई म्हणाली. त्या घरात तिने केलेला पहिला हुकूम. त्याने लिहिलं.

आता चार महिने झाले. पोरगी रात्रीची झोपते, ठरल्या दिवशी रक्त तपासून घेते, काकाकडे काचा घासायला शिकते. मी घडीवर विरलोय. परवा बापाने डॉक्टरबाईंना विचारलं, "हा कागद पुन्हा स्वच्छ काढून मिळेल का? त्या एका चौकोनाशिवाय?"

मिळेल की. आधी पोरीचे अकरा महिने आणून दे, मग माग.