कोऱ्या मीटरची गाडी

शोरूमवाल्यानं दिलेल्या पुस्तकात एक पान होतं. मोटार ट्रकवर चढवायची असेल तर आधी तिचा अलार्म बंद करा, नाहीतर जरा हादरा बसला की ती बोंबलत सुटेल, असं त्यावर इंग्रजीत छापलं होतं. सुभेदार जोतीरामांचं फौजेतलं इंग्रजी त्या पानापुढं लंगडं पडलं. म्हणून ते काम दीपमालाकडं आलं. पोरीला बीएस्सी शिकवली ती अशी उपयोगाला आली. स्वतःच्या हुंड्याची मोटार मुकाट करायला.

सत्त्याण्णव साल होतं. असल्या परदेशी धाटणीच्या मोटारी साताऱ्यात नुकत्या दिसायला लागल्या होत्या. दूध सांडावं तशी पांढरीशुभ्र गाडी शोरूमच्या मागच्या धक्क्यावर उभी होती आणि महेंद्रनं ट्रक उलटा लावून फळ्या टाकल्या होत्या. महेंद्र कोरेगावच्या बौद्धवाड्यातला, ट्रक त्याचा स्वतःचा.

"ताई, हिचं तोंड बंद केलंसा न्हवं? मागच्या खेपेला एक गाडी उंब्रजपासून कराडपतुर वरडत आली. लोकं वाटंत हात करून थांबवाय लागली मला."

चावीच्या जुडग्याला रिमोट होता आणि रिमोटला दोन बटणं. मोठ्या बटणानं अलार्म लागायचा, बारक्यानं सुटायचा. दीपमालानं बारकं दाबलं. गाडीचे दिवे दोनदा मिचकले.

"केला बंद," ती म्हणाली.

हमालांनी गाडी ढकलत वर घेतली. ट्रकवरून न्यायची, कारण मीटर कोरं पाहिजे होतं. हे मागणं नवऱ्या मुलाचं, यशराजचं. मुलगी पसंत असल्याचं सांगायला त्यानं फोन केला होता. पसंती एका वाक्यात उरकली आणि पुढचा सगळा फोन मीटरवर. "एक किलोमीटरसुद्धा फिरलेली नको. पासिंग इकडं सांगलीत माझ्या नावानं करू." दीपमाला शेजारीच उभी होती. तिनं त्या दिवशीच माणूस ओळखला.

मुलाचा बाप लालासाहेब, सांगलीतला हळदीचा मोठा व्यापारी. सभेत उभा राहिला की हुंड्याच्या नावानं आग ओकायचा. साखरपुड्यालाच एक महिला मंडळ त्याला शाल देणार होतं, हुंडा न घेणारा सासरा म्हणून! त्यामुळं गाडी ताडपत्रीखाली झाकून न्यायची, मांडव पुढच्या अंगणात भरला की मागच्या गल्लीनं हळदीच्या वखारीत ढकलायची, आणि पाव्हणं गेल्यावर चावी द्यायची. असं ठरलं होतं. अशा गोष्टी ठरवायला बसतात तेव्हा मुलगी आत चहा करत असते. चहा करणाऱ्याला कान असतात, हे त्या लोकांच्या ध्यानात येत नाही.

गाडीसाठी विहिरीकडचा मळा चालला होता. इसार घेऊन गाडीचे पैसे भरले होते, खरेदीखत सोमवारी. त्या मळ्यात साळूबाईनं, दीपमालाच्या आईनं, बावीस वर्षं ऊस सांभाळला. नवरा सीमेवर असताना रात्रीचं पाणी हिनंच पाजलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. इसार झाला त्या दिवशी ती जेवली नाही, एवढंच.

दीपमालानं शोरूमच्या मॅनेजरला सरळ विचारलं होतं, "ही गाडी परत घेता येते?"

"पासिंग झालं की नाही. तोवर मीटर कोरं असेल तर घेऊ. का हो?"

"सहज," ती म्हणाली होती.

ट्रक पुढं आणि भाड्याची जीप मागं, अशी वरात निघाली. कासेगावला चहाला थांबले. आईबाप जीपमध्येच बसून राहिले. दीपमाला ट्रकपाशी आली.

"दादा, तुमच्यात पण हुंडा चालतो?"

महेंद्र बशीतला चहा फुंकत हसला. "शिरलाय की आमच्यात पण. बाबासाहेबांचा फोटो भितीला आन् फोटूखाली बसून मोटरसायकल मागत्यात. लाज कुणाला हाय? आमी काय अन् तुमी काय!" मग त्यानं ताडपत्रीकडं हनुवटी केली. "ही तुमच्या मर्जीनं चाललीया व्हय?"

"न्हाई."

"मग बसून काय ऱ्हायलासा?"

ती जीपमध्ये येऊन बसली. "आबा, अजून परत फिरता येतंय," ती म्हणाली.

"शब्द दिलाय मी," जोतीराम म्हणाले. "फौजी माणूस शब्द फिरवत न्हाई."

"मळा विकणार न्हाई, ह्यो शब्द आईला पण दिलावता की!"

सुभेदारांनी खिडकीची काच वर केली. साळूबाईनं पदर तोंडात धरला.

लालासाहेबाच्या अंगणात माणूस मावत नव्हता. दीपमालाला पाटावर बसवून बायका ओटी भरायला लागल्या. चावी तिच्याचकडं होती, बटणं तिलाच कळत होती म्हणून. बटवा मांडीवर, त्याच्यावर पदर, पदरात तांदूळ आणि नारळ. भिंतीपलीकडं ट्रक लागल्याचा आवाज आला, फळ्या आपटल्या. इकडं लालासाहेब शाल पांघरून माइकसमोर उभा राहिला.

"मंडळी, लोक म्हणतात, लालासाहेब, पोराला काय घेतलं? मी म्हणतो, मुलगी आणि नारळ! तिसरी वस्तू या उंबऱ्याच्या आत येणार नाही!"

टाळ्या पडल्या. दीपमालाचा हात पदराखाली बटव्यात गेला, पण तिनं बटण दाबलं नाही. गाडी अजून फळ्यांवर होती. दचकून एखाद्या हमालाचा हात सुटला असता तर पाय त्या गरिबाचा मोडला असता, लालासाहेबाचा नव्हे. ती कान लावून थांबली.

"उतरली रं!" भिंतीपलीकडून महेंद्रचा आवाज आला. "लावा आता जोर!"

तिनं मोठं बटण दाबलं.

हमालांनी ढकलली आणि गाडीनं टाहो फोडला. गावात आग लागल्यावर बंब यावा तसा. माइकची शिट्टी त्यात बुडाली. पोरं उठली, बायका उठल्या, शाल देणाऱ्या मंडळाच्या बाया सगळ्यांच्या पुढं. मागचं दार सताड उघडंच होतं. वखारीच्या तोंडाशी पांढरीशुभ्र गाडी दिवे मिचकावत केकाटत होती, आणि वखारीतल्या हमालांच्या हळदीच्या हातांचे पिवळे ठसे तिच्या अंगभर उठले होते.

"अगं बया," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "नवरीच्या आधी गाडीलाच हळद लावली की गं!"

लोक हसले. लालासाहेबाचं तोंड काळंनिळं झालं. जबाबदारी अंगाशी आली की मोठा माणूस आधी लहान माणूस शोधतो. त्यानं महेंद्रला धरलं.

"ए! कुणाची गाडी आणून उभी केलीस रे इथं? चोरीची आहे का?"

"चोरी?" महेंद्र गर्रकन वळला. "तोंड सांभाळून बोला, साहेब. पत्ता तुमच्याच माणसानं दिलाय."

"त्यांच्यावर आवाज चढवू नका, मामा." ओटीचा पदर खोचत दीपमाला गर्दीतून पुढं आली. चावी तिनं वर धरली. "हिचं बटण माझ्याकडं हाय."

"मग बंद कर की, बाई!"

"करते. आधी एवढंच सांगा, ही गाडी कुणाची? तुमची का आमची?"

जोतीराम मागून "दीपा!" म्हणून ओरडले. ती वळली नाही. यशराज तिच्या कानाशी आला आणि दातओठ खात म्हणाला, "शोभा करू नको. आत चल." ती त्याच्याकडंही वळली नाही. शाल देणाऱ्या बाया लालासाहेबाकडं बघत होत्या. तो पुटपुटला.

"ऐकू येत न्हाई, मामा. मोठ्यानं!"

शाल घसरली, लालासाहेबानं ती सावरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "आमची नाही!"

त्याचं तोंड उघडताक्षणी तिनं बारकं बटण दाबलं होतं. गाडी गप्प झाली आणि लालासाहेबाचं 'आमची नाही' सबंध गल्लीनं ऐकलं.

"आबा, ऐकलं न्हवं?" आता ती बापाकडं वळली. "गाडी आपलीच हाय. दिलेला शब्द त्यांनीच परत दिला, सगळ्यांच्या देखत. तुमी फिरवला न्हाई."

यशराजला अजून कळत नव्हतं. "म्हणजे लग्न..."

"मुलगी आणि नारळ म्हणालं न्हवं तुमचं वडील?" ओटीतला नारळ काढून तिनं त्याच्या हातात दिला. "नारळ घ्या. मुलगी जमणार न्हाई. कोरं मीटर मागणाऱ्याच्या घरात मला नांदायचं न्हाई."

मग ती पदर झाडून मोकळी झाली. तांदूळ भुईवर सांडले. कुणीतरी बाई 'अपशकुन, अपशकुन' म्हणाली. साळूबाई पहिल्यांदा बोलली. "आसूंद्या अपशकुन. आमच्या रानात पिकत्यात तांदूळ. पुन्यांदा भरू."

सगळे जोतीरामांकडं बघत होते. सुभेदार ताठ उभे होते, कवायतीला राहावं तसे. ते दोन पावलं पुढं आले आणि दीपमालाला वाटलं, आता मारतील. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, गाडीच्या दारावरचा एक पिवळा पंजा पुसून बघितला. निघाला. मग दुसरा पुसायला घेतला.

"पुसून काढाय पायजे समदं," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "न्हाईतर शोरूमवाला कटकट करंल."

महेंद्रनं फळ्या परत लावल्या. हमालांनी हात गोणपाटाला पुसले. गाडीला खांदा लावायच्या आधी सुभेदार थांबले आणि त्यांनी लेकीकडं बघितलं.

"अलार्म बंद हाय न्हवं नीट?"

तिनं बारकं बटण पुन्हा एकदा दाबून दाखवलं. दिवे दोनदा मिचकले.

"हाय, आबा."

"मग चढवा," सुभेदार म्हणाले, आणि खांदा लावला.