भिवंडीचा माल

माझा नवरा सहदेव ट्रकवर डायव्हर होता आणि माझा थोरला भाऊ दशरथ त्याच ट्रकवर क्लीनर. हे ऐकून माणसं हसायची. क्लीनर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोर असतं. आमचा क्लीनर डायव्हरहून वयाने मोठा, चष्मेवाला, आणि निम्मी हयात लालबागच्या मिलमध्ये साच्यांवर कापड विणण्यात घालवलेला.

मिलचा संप लांबला. वहिनी, मालन, पोरांना घेऊन गावी गेली. दादा एक पिशवी घेऊन घाटकोपरला आमच्या खोलीत आला. सहदेवनेच ट्रकच्या मालकाकडे, शेठकडे, त्याच्यासाठी शब्द टाकला. घरी येऊन मला म्हणाला, "तुझा भाऊ विणतो झकास. टायर बदलेल का, देव जाणे."

आमच्या लग्नाच्या वेळी 'डायव्हरला बहीण द्यायची?' म्हणून दादाने तोंड वाकडं केलं होतं. आता तोच हाताखाली आलेला. सहदेव साधा माणूस, पण इतकाही साधा नाही की यातली मजा त्याला कळू नये. अंगणात उभा राहून शिकवायचा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ही लोखंडी टॉमी मारा टायरवर. काय ऐकू आलं?"

"ठण्ण."

"म्हणजे हवा बरोबर. धप्प आलं तर कमी. साच्यांच्या खडखडाटात तुमचे कान गेलेत ना, म्हणून विचारतो."

दादा ओठ आवळून पुढच्या टायरकडे जायचा. ताडपत्रीचे दोर आवळून त्याच्या तळहातांना फोड आले. रात्री मी खोबरेल लावून दिलं तर म्हणाला, "सूत कधी असं चावलं नाही गो."

पण रिव्हर्सचा धडा देताना सहदेव थट्टा करत नसे. ट्रक भरलेला असला की डायव्हरला मागचं काही दिसत नाही, आरशात नुसती ताडपत्री. क्लीनरने मागे उभं राहायचं आणि जागा संपली की फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, एक सणसणीत ठोका मारायचा. ठोका पडेस्तोवर डायव्हर येत राहणार. "ओरडू नका," सहदेव सांगायचा, "इंजिनात काही ऐकू येत नाही. ठोकाच हवा. मागे मला डोळे नाहीत दादा, तुम्हीच."

हे दोघं भिवंडीहून कापडाच्या गाठी आणायचे. संध्याकाळी ट्रक चाळीमागच्या मोकळ्या जागेत लावायचा आणि सकाळी गोदामात माल उतरवायचा. कापड कुणाचं, हे डायव्हर विचारत नसतो. गाठींवर गोणपाट शिवलेलं असतं, आत काय ते दिसतही नाही.

दादाला दिसलं ते मुलुंडच्या जकात नाक्यावर. ट्रकची रांग लागलेली. एक गाठ उसवली म्हणून तो दाभण घेऊन वर चढला. आत हात घातला, कापडाची किनार बाहेर ओढली, तर किनारीवर त्याच्याच मिलचं नाव छापलेलं. मिलला टाळं, साच्यांवर धूळ, आणि मिलचा शिक्का मात्र करकरीत कापडावर.

त्याने किनार आत सारली आणि गाठ शिवून टाकली. घरी आला, हातपाय धुतले, पानावर बसला. मग बोलला.

"तुला ठाऊक होतं?"

सहदेवला तो आजवर भावोजी म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मी भात वाढता वाढता थांबले.

"अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे," सहदेव म्हणाला. "तुमचे मालक भिवंडीत यंत्रमागावर विणून घेतात. नवीन काय त्यात?"

"आम्ही मिलच्या गेटवर लाठ्या खायच्या. आणि आमचा संप मोडायचा कोणी? माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, गाडीत भरभरून."

"मी नाही नेलं तर दुसरा नेईल."

"दुसरा माझ्या बहिणीचा नवरा नसेल."

"असं?" सहदेव म्हणाला. "मग तुझ्या पानातला भात कुठल्या गाडीतून आला, ते पण विचार ना तुझ्या युनियनला."

'तू'ला 'तू' मिळाला. दादाने पान सरकवलं आणि उठून गॅलरीत गेला. सहदेव मात्र ताक मागून पोटभर जेवला. मला त्याचा इतका राग आला की ताकात मीठच घातलं नाही. त्याला ते कळलं, तरी प्यायला.

भांडण असं की दोघांचंही खरं होतं. अशा भांडणात मध्ये पडायला जागा नसते.

दादाला नोकरी सोडता येईना, पोरं गावी त्याच्याच जिवावर होती. सहदेवला त्याला काढता येईना, शेठला शब्द दिलेला. मग दोघांनी बोलणं टाकलं. भिवंडीपर्यंत शेजारी शेजारी बसून जायचे, तसेच यायचे, आणि जे बोलायचं ते घरी माझ्या तोंडून.

"त्याला सांग, रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरू नको."

"डायवरला सांग, मी आंधळो नाय."

"त्याला सांग, आंधळा असता तर बरं झालं असतं, किनार दिसली नसती."

खोली हातभर. प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकू येत होतं, तरी सांगायचं मी. एकदा वैतागून म्हटलं, माझ्या हातात घंटीची दोरी द्या रे, म्हणजे कंडक्टर शोभेन. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

त्याच सुमारास आमच्या मोकळ्या जागेच्या मागे नवीन सोसायटी झाली आणि तिने पिवळी भिंत बांधली. ट्रकला जागा आखूड झाली. एका संध्याकाळी ठोका पडला, पण ट्रक भिंतीला टेकल्यावर. गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर, बँकेतले गृहस्थ, पायजम्यावरच आले. आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही लोक इथे किती दिवस आहात ते मला माहीत नाही. भिंत राहणार आहे." मग शेठला फोन केला. शेठने सहदेवला बोलावून सांगितलं, पुन्हा त्या भिंतीला ओरखडा जरी पडला तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि चालू लागायचं.

"मुद्दाम उशिरा मारला त्याने," सहदेव घरी येऊन माझ्याकडे बघत म्हणाला.

"त्याला सांग," दादाही माझ्याकडेच बघत म्हणाला, "मुद्दाम केलं असतं तर भिंत उरली नसती."

त्यानंतर ट्रक मागे यायला लागला की माझा जीव खालीवर व्हायचा. सहदेवच्या हातात स्टिअरिंग होतं, पण आमचं घर माझ्या भावाच्या तळहातावर होतं. आणि तो तळहात रागावलेला होता.

मग तो शनिवार आला. आम्ही बायका नळावर होतो. ट्रक आला, गचागच भरलेला, रिव्हर्स घेऊ लागला. दादा मागे जाऊन उभा राहिला. माझ्या शेजारच्या शकुने कोपर मारलं.

"जानके, तुझा भाऊ बघ. हात बांधून उभाय."

खरंच, दोन्ही हात काखेत. ट्रक येतोय, आणि तो भिंतीकडे नाही, ताडपत्रीखालच्या गाठींकडे बघतोय. तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी घाबरले नसते. मिलच्या गेटवरून परत यायचा तेव्हा जसा दिसायचा तसा दिसत होता, सगळं जाऊ दे म्हणणारा.

मी ओरडले, "दादा, ठोका!" त्याने ऐकलं. हलला नाही.

मी फार विचार केला असं नाही. कडेवर भरलेला हंडा होता, तशीच धावले आणि ट्रक नि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. पाठ पिवळ्या भिंतीला. फाळका अंगावर येत होता. डिझेलचा धूर, गरम. शकु किंचाळली. दादाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर विनवणी झाली असती, आणि मला विनवणी करायची नव्हती.

ठोका असा पडला की फाळक्याचा अडसर उडाला.

ट्रक थांबला तेव्हा हंडा फाळका नि माझं पोट यांच्यामध्ये अडकला होता. हंडा चेपला. मी नाही. भिंतीला काही झालं नाही, विद्याधरांना पायजम्यावर यावं लागलं नाही.

इंजिन बंद करून सहदेव मागे आला, मला पाहिलं आणि पांढराफटक पडला. मग दादाच्या गळ्याला हात घालायला गेला. पण दादा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्यावर ओरडत होता.

"मराचा आसा काय गो तुका? अक्कल खंय ठेवलंस? मी मारणारच होतंय!"

"मारणार होतास तर हात बांधून का उभा होतास?" मी म्हटलं.

"ट्रकमागे उभं राहतात का?" आता सहदेवही सुरू झाला. "डोकं फिरलंय का तुझं? दादा, हिला लहानपणापासूनच असं आहे का हो?"

"नाय, नाय! अशी नव्हती ही, भावोजी. तुमच्याकडे येऊन अशी झाली."

"माझ्याकडे? वा! घेऊन जा मग परत."

"माझ्याकडे नको. माका घर खंय आसा?"

दोघं एकमेकांकडे बघून, एकमेकांना हुंकार देत, मला शिव्या घालत होते. अख्खी चाळ जमली. चेपलेला हंडा घेऊन मी मध्ये उभी, अंगावर पाणी. एकानेही विचारलं नाही की बाई, लागलं का कुठे. शेवटी शकुने माझ्या हातातून हंडा घेतला.

रात्री कोणाला जेवण गेलं नाही. भाकऱ्या शकुने दिल्या. सहदेव झोपेत दोनदा ओरडला. दादा गॅलरीत बसून होता. मी जवळ गेले तर मान वळवली. त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. खरंच ठोका मारणार होता का, हे मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

उजाडताना ट्रक निघाला. मी तोंड धुवत होते. केबिनमधून दादाचा आवाज आला, "पण शिक्का आमच्या मिलचो मारतंत, ह्या तुका पटता?" आणि त्याच्यावर सहदेवचा, "अरे पण मी काय करू? मी काय शिक्का मारतो?" मग दादा, मग पुन्हा सहदेव, दोघं एकदम. ट्रक आग्रा रोडला वळेपर्यंत भांडत होते.

मी चूळ भरली आणि चहा टाकला.