मधल्या पट्ट्यातला ताग

अंगठ्याएवढा भोपळा. पिवळा पडलेला, शेंड्याला सुकल्या फुलाची टोपी अजून तशीच... शुभदाने तो तळहातावर फिरवून पाहिला. देठ आपसूक गळलेला की नखाने खुडलेला? आज खुडला असता तर कड ओली राहिली असती. ही काळवंडली होती. पण काल खुडला असेल तर आज काळवंडणारच – आणि काल दुपारी मालनवहिनी विहिरीवर होती. इतका वेळ? दोन कळशांना?

वेलाला फुलं मोप येतात, मागे इवलं फळही धरतं, आणि मग असं गळून पडतं. गेल्या पावसाळ्यातही हेच.

कोपर गावच्या या घराच्या चुली गेल्या वर्षी वेगळ्या झाल्या. मधे भिंत आली, तांब्याची घंगाळंसुद्धा वाटली गेली. वाटायचा राहिला तो परसातला विहिरीपासून दगडी गडग्यापर्यंतचा पट्टा. खाडीच्या अंगाची खारट, चिकट माती. कुणालाच नको होती. आणि यंदा आषाढात थोरल्या जावेने, मालनवहिनीने, तिथे कुणाला न विचारता ताग फोकून पेरला.

ताग! दोर वळायला का कुणी परसात ताग लावतं?

माहेरी बाबांची भाताची खाचरं यंदाच कुळाच्या नावावर चढली होती. ज्याने पेरलं त्याचं – बाबा एवढंच बोलले आणि सुपारी कातरत बसले, कातरलेली सुपारी तशीच पानात राहिली... जमीन जाते ती अशीच. आरडाओरड नाही, भांडण नाही. कुणीतरी वाकतो आणि मूठ मोकळी करतो.

"अगं, सख्ख्या भावांत कसलं कूळ आणि कसला मालक!" तिचे यजमान गोपीनाथ छत्री शोधताना हसले होते. "माती सुधारतेय, म्हणाली वहिनी."

"तुम्हाला म्हणाली? मग मला का नाही म्हणाली?"

त्यांना छत्री सापडली होती.

लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला मालनवहिनीने आपल्या झाडाची अबोली गुंफून शुभदाच्या केसांत माळली होती. 'कसं शोभतंय बघा,' म्हणाली होती साऱ्यांना. बायका बघत होत्या. पण काय – माझे केस, की तिची फुलं? तेव्हासुद्धा मी रात्रभर...

पट्ट्यात ताग आता कमरेच्या वर गेला होता, आणि चार दिवसांत पिवळाधमक फुलला होता. त्यावर काळे भुंगे घुमत होते, जड, मखमली, साऱ्या परसाला एक मंद्र सूर लावून. त्या सुरातच पलीकडून मालनवहिनीचा आवाज आला –

*तागाच्या फुलावरी भुंगा पाहुणा गं आला*
*माझ्या परसामधून जावेच्या दारी गेला*

मला ऐकवतेय? जावेच्या दारी काय गेलं तिचं?

एक भुंगा तागावरून उठला. पोटाला पिवळी धूळ. शुभदाने नजर त्याच्यामागे सोडली नाही, ती आपोआप गेली – गडग्याकडे, तिच्याच वेलाकडे, भोपळ्याच्या उघड्या फुलात. तो आत लोळला, बाहेर आला, शेजारच्या फुलात शिरला. तिने मोठं पान उचललं. खाली मुठीएवढा हिरवा भोपळा होता, लवदार, घट्ट. पुढच्या पेरावर आणखी एक. हे कधी धरले? भुंगे यायला लागल्यापासून? हातातला पिवळा तिने पदराआड घेतला. का, ते तिलाही कळलं नाही.

"शुभदे, ये गं, धर." मालनवहिनी विळा घेऊन पट्ट्यात उतरली होती. "फूल आलं की ताग उभा ठेवू नये. दाणा धरला की लाकूड होतं त्याचं. आडवा करायचा आणि मातीत मुजवायचा."

"मग... पीक?"

"पीक कसलं, बाई? माती खाईल ते. माहेरी आम्ही असंच करायचो. पुढल्या साली बघ, काळी लोण्यासारखी होते की नाही. अर्ध्यात तू लाव, अर्ध्यात मी."

पेरलेलं गाडून कुणी हक्क सांगतं का? छातीवरचं काहीतरी सैल व्हायला हवं होतं. झालं नाही. अर्ध्यात तू, अर्ध्यात मी – म्हणजे हीच वाटणी करणार? आणि विळा चालला की भुंगे जाणार. वेलावर कळ्या नुसत्या गच्च भरल्या होत्या...

"वहिनी, राहू द्या ना थोडे दिवस." आवाज तिचाच होता. "सगळा नको. एक पट्टी. माझ्या बाजूची."

विळा थांबला.

"तुझ्या बाजूची?"

मालनवहिनीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग गडग्याकडे, मग पदराआड मिटलेल्या मुठीकडे. तिचे डोळे किंचित बारीक झाले. ती नजर शुभदाला ओळखीची होती. सारा पावसाळा ती स्वतः हीच नजर घेऊन या पट्ट्याकडे बघत होती. बाहेरून अशी दिसते तर ही...

"का गं?" मालनवहिनीने विचारलं. सूर मऊ होता. फार मऊ.

भुंग्यांसाठी – एवढं म्हटलं की झालं. खरंच होतं ते. पण ओठांपर्यंत येता येता तिलाच ते खोटं वाटायला लागलं. तागाची एक पट्टी राखायची, ती भुंग्यांसाठी?

मी तरी विश्वास ठेवला असता का?