रिकामी टाकी

मंगळवार पेठेतल्या महालिंग अप्पांची विद्याश्री केमिकल इंजिनिअरिंगसोबत बायोटेक्नॉलॉजी शिकली आणि २००३ साली पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका डिस्टिलरीत लागली. "यीस्टची डाक्टरीण आली," म्हणत कृष्णातनं तिला मळी आंबवायच्या टाक्या हिंडून दाखवल्या. वीस वर्षं तो त्या टाक्या धूत होता. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला की आत हवा वाईट, थांबायचं.

विद्याश्रीनं तो कंदील बंद केला.

"मामा, दारूच्या वाफेत कंदील सोडलात तर एक दिवस भडका उडेल. वायू मोजायचं यंत्र मागवलंय."

"आन् ते येईस्तोवर?"

"मला विचारल्याशिवाय उतरायचं नाही."

पुस्तकात तसंच होतं. ती चुकली नव्हती.

फाल्गुन लागला तरी यंत्र आलं नव्हतं. एका सकाळी ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. कृष्णात दारात आला.

"ताई, चार नंबर रिकामी हाय न्हवं?"

"रिकामी आहे," ती मान वर न करता म्हणाली.

तिला वाटलं, तो मालाचं विचारतोय. माल पहाटेच उपसला होता. त्यानं विचारलं होतं हवेचं. आंबवणातून निघालेला जड वायू माल गेला तरी तळाशी बसून राहतो, हे तिनं परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

अर्ध्या तासानं त्याचा देह दोरीनं वर काढला, तेव्हा मुठीतला खराटा सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर अमरसिंहांनी कागद पुढं सरकवला. "न विचारता उतरला, एवढंच लिहा. पुण्याच्या लस कंपनीत जायचंय ना तुम्हाला?"

जायचं होतं. मुलाखतीचं पत्र पर्समध्येच होतं. तिनं पेन उचललं.

दाराबाहेर बाकावर कृष्णातची बायको बायडाबाई बसली होती.

"न इचारता?" ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "मला इचारल्याबिगर चटणीची बरणी उघडत न्हवता त्यो."

अमरसिंहांनी उठून दार लावलं. तोवर विद्याश्रीनं लिहून टाकलं होतं: 'त्यांनी विचारलं होतं.' खाली आपलं उत्तर लिहिलं, सही केली आणि बाहेर आली.

"विचारलं होतं त्यांनी," ती बायडाबाईला म्हणाली.

"ते ठावं हाय मला. तुमी काय सांगितलंसा?"

कागदावर लिहिलेलं तोंडानं सांगायला तिला फार वेळ लागला.