आडवी मान, उभी मान

सेत्सुकोबाईंनी पहिली वाटी रुमालात गुंडाळली, तशी दोचका गडबडली.

"ही भांडी मी परत नेऊ?" असं बाईंनी आत्ताच मोडक्या बल्गेरियनमध्ये विचारलं होतं, आणि दोचकाने तर मान आडवी हलवून नाही म्हटलं होतं! बल्गेरियातल्या या गावात, वाचनालयाच्या याच माडीवर दोचकाच्या मैत्रिणीने, रुम्यानाने, वर्षानुवर्षं जपानी चहाचा वर्ग चालवला, गावातल्या पोरांना ब्रशने अक्षरं काढायला शिकवलं, 'जपानी खूळ' म्हणून टोमणे खाल्ले. चहाची भांडी तिला वापरायला दिली होती ती तिच्या जपानी गुरूने, सेत्सुकोबाईंनीच. आज रुम्याना वारल्याचा चाळिसावा दिवस. खाली लोक श्राद्धाचा उकडलेला गोड गहू खात होते आणि वर तिचा वर्गच बोचक्यात बांधला जात होता.

दोचकाने पुन्हा मान हलवली, जोरजोरात. बाईंनी घाईघाईने दुसरी वाटी उचलली.

तोंडाने सांगायचं धाडस दोचकाकडे कुठलं? मुळात ती बुजरी. बसमध्ये खिडकी उघडा म्हणायलासुद्धा तिला रुम्याना लागे. आता ती बयाच निघून गेली होती, आणि दोचकाला तिचा भयंकर राग येत होता.

मान तर बरोबर हलवली होती. रुम्यानानेच बजावलं होतं, "दोचके, आपल्याकडे होकाराला मान आडवी, नकाराला उभी. जपान्यांचं नेमकं उलटं. बाई आल्या की त्यांच्यासारखी हलव, नाहीतर घोटाळा करून ठेवशील."

बाईंनी तिसऱ्या वाटीला हात घातला.

"नाही! नका नेऊ!" दोचका ओरडलीच.

बाई दचकल्या. "पण तुम्ही हो म्हणाला." त्यांनी मान आडवी हलवून दाखवली. "रुम्याना सांगायची, गावात असं म्हणजे हो. दोचका घाबरते, तिच्यापुढे तिच्यासारखं वागा."

"अहो, आणि मला ती तुमच्यासारखं वागायला शिकवत होती!"

आधी हसू आलं, मग दोघींनाही रडू आवरेना.

डोळे पुसून बाईंनी विचारलं, "मग वर्ग? कोण शिकवणार?"

दोचकाची मान आडवीही हलेना, उभीही हलेना. हिरव्या पुडीचा चहा तिला उत्तम घुसळता येई. पण चारचौघांत बोलायचं, लोकांच्या चुका काढायच्या, हे तिला बापजन्मी जमलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. वाचनालयाचे अध्यक्ष मिंचो गहू चघळत दारात येऊन उभे राहिले.

"आटपलं का, दोचका? सोमवारपासून इथे टेबल टेनिस मांडतोय. तुमचं ते चहापाणी आता बंदच ना?"

बाई वाटी हातात धरून थांबल्या होत्या.

"सोमवारी वर्ग आहे," दोचका म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा."

"तुझा?" मिंचो हसत हसत आत शिरले आणि वर्गाच्या चटईवर पाय ठेवणार, तेवढ्यात दोचका म्हणाली,

"बूट. बूट बाहेर काढा, मिंचोभाऊ."

मिंचोंनी बाईंकडे पाहिलं, मग दोचकाकडे पाहिलं, आणि ते वाकून नाड्या सोडू लागले.